टॅटरशॉल : विटांचा हा मनोरा किल्ला म्हणायचा की राहतं घर?

बाभूळबन
इंग्लंडमध्ये लिंकनशायर नावाचा एक सपाट परगणा आहे. त्या सपाटीवर टॅटरशॉल हे छोटं गाव, आणि गावाच्या कडेला लाल विटांचा एकच एक चौकोनी मनोरा. शंभर फुटांहून उंच, चार कोपऱ्यांना चार अष्टकोनी बुरूज. बांधणारा राल्फ क्रॉमवेल. (राजाचं डोकं उडवणारा ऑलिव्हर क्रॉमवेल वेगळा, तो दोनशे वर्षांनंतरचा.) हा राल्फ १४३३ ते १४४३ या काळात इंग्लंडचा लॉर्ड ट्रेझरर होता, म्हणजे सहाव्या हेन्रीचा खजिनदार. मनोरा त्याच सुमाराचा, १४३०-४० च्या दशकांतला.

नाव 'कॅसल'. भोवती एकात एक दोन खंदक. माथ्यावर कंगोरे, खाली उभ्या शत्रूवर काहीबाही टाकायला भोकं. इथवर ठीक. पण तळमजल्यालाच उंच, नक्षीदार दगडी चौकटींच्या खिडक्या आहेत, आणि एकाच बाजूला जमिनीलगत तीन स्वतंत्र दारं. एक तळघराचं, एक खालच्या दिवाणखान्याचं, एक गोल जिन्याचं. असा किल्ला कोण बांधतं?

माझं मत : हे घर आहे, किल्ल्याचा पोशाख चढवलेलं. तुम्हाला काय वाटतं? फोटो जोडले आहेत.

खवचट_पेठकर
फोटो दिसत नाहीत. वर्णनावरून तरी हे नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीसारखं वाटतंय.

सह्यवेडा
किल्ला? अजिबात नाही. आमच्याकडे रायगडाचा महादरवाजा बघा. दोन बुरुजांच्या कुशीत असा लपवलाय की तोंडाशी येईपर्यंत दिसत नाही, आणि आलात की दोन्हीकडून मार. इथे तीन दारं ओळीने, जणू पाहुण्यांना विचारतायत कुठून येता! पाण्याची सोय काय होती? शिबंदी कुठे राहायची? गड म्हणजे आधी जागा, मग बांधकाम. सपाट शेतात उभा केलेला मनोरा तो मनोराच.

रेवती_के
वाचतेय. सह्यवेडा, पण भुईकोट नावाचा प्रकार आपल्याकडेही आहेच की. अहमदनगरचा किल्ला कुठल्या डोंगरावर आहे?

सह्यवेडा
मान्य. पण नगरच्या तटाला तळाशी दिवाणखान्याच्या खिडक्या नाहीत :)

गवंडीबुवा
सिव्हिलवाला आहे, सांगलीचा, म्हणून विटांचं विचारतो. बाँड, म्हणजे विटा रचायची पद्धत, कुठला? आम्हाला डिप्लोमाला इंग्लिश बाँड आणि फ्लेमिश बाँड काढून काढून वहीची पानं संपली होती. एक थर हेडरचा (विटेचं आखूड तोंड बाहेर), एक थर स्ट्रेचरचा (लांब बाजू बाहेर) म्हणजे इंग्लिश. एकाच थरात एकाआड एक हेडर-स्ट्रेचर म्हणजे फ्लेमिश. परीक्षेत क्वीन क्लोजर (कोपऱ्याजवळ घालायचा विटेचा उभा अर्धा तुकडा) विसरला की मार्क कापलेच. प्रत्यक्षात साइटवर नऊ इंची भिंत लावणारा गवंडी सांधेमोड झाली की खूश असतो. म्हणून विचारतोय, तिथल्या गवंड्यांनी काय केलंय?

बाभूळबन
गवंडीबुवा, इंग्लिश बाँडच्या जवळपास, पण पुस्तकी शिस्त नाही. भिंतीला नाक लावून पाहिलं तर थर मध्येच चुकतात, हेडरच्या ओळीत स्ट्रेचर घुसतो, पुढे पुन्हा सावरतं. विटा आपल्यापेक्षा पातळ, दोन इंचांच्या आसपास, आणि दोन विटा एका मापाच्या सापडणं कठीण. त्यामुळे चुन्याचे दर्जे (विटांमधले सांधे) जाड ठेवून वरचा थर समतल केलाय. मजा म्हणजे दहा पावलं मागे गेलं की यातलं काहीच जाणवत नाही. उलट काळपट-निळसर विटांची शंकरपाळ्यांसारखी तिरकी जाळी काही ठिकाणी दिसायला लागते. भट्टीत आगीच्या अगदी जवळ असलेल्या विटांचं एक तोंड काचेसारखं वितळून काळं पडतं. तीच तोंडं बाहेर काढून नक्षी केलीय.

खिडक्यांच्या चौकटी, दारांच्या कमानी, कोरीव काम हे सगळं मात्र दगडात.

गवंडीबुवा
वा. म्हणजे आपला कारागीर ज्या विटा 'जळक्या' म्हणून पायात टाकतो, त्या यांनी दर्शनी भागात मिरवल्या. विटा कुठून आणल्या?

बाभूळबन
जवळच्याच भागात माती काढून, तिथेच भाजून. बांधकामाच्या हिशेबाचे काही कागद टिकलेत, त्यात बाल्डविन नावाच्या वीटवाल्याचा उल्लेख येतो. तो समुद्रापलीकडचा, नेदरलँड्स-जर्मनीकडचा असावा असं मानतात. रोमन गेल्यावर इंग्लंडात विटा भाजणं जवळपास थांबलं होतं. मधल्या शतकांत पडक्या रोमन इमारतींच्या विटा उचलून पुन्हा वापरत. सेंट ऑल्बन्सच्या चर्चमध्ये त्या आजही दिसतात. नवीन विटा पुन्हा मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्या त्या पूर्व किनाऱ्याच्या परगण्यांत, कारण समोरच्या किनाऱ्याशी व्यापार तिथून चाले.

मिरजमळा
आमची वीटभट्टी होती. एक प्रश्न. तिकडे पाऊस बारमाही, मग विटा वाळवत कधी? आमच्याकडे दिवाळीनंतर थापायला सुरुवात, पहिल्या वळवाच्या आत भट्टी उतरवायची. एक अवकाळी आला की कच्चा माल चिखल.

बाभूळबन
मिरजमळा, तिकडे उलट चक्र. शरद ऋतूत माती खणून ढीग लावायचा, हिवाळाभर थंडी-बर्फ खाऊ द्यायचं म्हणजे ढेकळं आपोआप फुटतात. थापणं आणि भाजणं उन्हाळ्यात. कच्च्या विटांच्या रांगांवर गवत-पेंढा झाकून ठेवत. त्यामुळे एवढं मोठं काम एका हंगामात उरकणं शक्यच नव्हतं.

रेवती_के
मला वेगळाच मुद्दा पडलाय. विटा स्वस्त म्हणून वापरल्या का? शनिवारवाड्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते : दगडाचा वाडा बांधायचा मान फक्त राजाचा, म्हणून सातारकरांनी हरकत घेतली आणि पेशव्यांना जोत्याच्या वर विटा वापराव्या लागल्या. खरंखोटं माहीत नाही, पण गोष्टीचा रोख स्पष्ट आहे. दगड वरचा, वीट खालची. इंग्लंडातही तसंच का?

इतिहासप्रेमी_नाशिक
रेवतीताई, टॅटरशॉलच्या बाबतीत अगदी उलट. लिंकनशायरला उत्तम चुनखडीचा दगड आहे. लिंकनचं कॅथेड्रल त्याच दगडाचं. क्रॉमवेलला दगड परवडत होता आणि मिळतही होता. शेजारीच त्याने जे मोठं चर्च उभारायला घेतलं ते दगडाचं आहे. म्हणजे देवाला दगड आणि स्वतःला वीट, अशी सरळ निवड आहे.

त्या पिढीत वीट ही फ्रान्स-फ्लँडर्स पाहून आलेल्या लोकांची आवड होती. सर जॉन फॅस्टॉल्फ, फ्रान्सच्या लढायांत पैसा केलेला, त्याने नॉरफोकमध्ये केस्टर बांधलं तेही विटांचं. ससेक्समध्ये हर्स्टमॉन्सू, १४४१ चा परवाना, तेही विटांचं, आणि मालक रॉजर फाइन्स हा राजाच्या खासगी खर्चाचा खजिनदार.

खवचट_पेठकर
दोन खजिनदार, दोन विटांचे महाल. पगारात भागत होतं वाटतं.

इतिहासप्रेमी_नाशिक
:) लपवतही नव्हते. टॅटरशॉलच्या दगडी शेकोट्यांवर क्रॉमवेलने स्वतःच्या कुळाच्या ढालींबरोबर काय कोरून घेतलंय? खजिनदाराची थैली! पुन्हा पुन्हा. हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला दिसावी अशी.

आता मूळ प्रश्न. 'घरच आहे' असं इतक्या पटकन म्हणू नका. क्रॉमवेलला खरे शत्रू होते. त्याच परगण्यातला विल्यम टेलबॉइझ नावाचा जमीनदार, टोळी बाळगून असणारा. नोव्हेंबर १४४९ मध्ये त्याने थेट वेस्टमिन्स्टरमध्ये क्रॉमवेलवर हल्ला केला. राजधानीत ही तऱ्हा, मग गावाकडे काय असेल? आणि विटांच्या घरांना वेढे पडत नसत असंही नाही. फॅस्टॉल्फ मेल्यावर केस्टरच्या मालकीचं भांडण लागलं, तेव्हा १४६९ मध्ये नॉरफोकच्या ड्यूकने सैन्य घेऊन वेढा घातला आणि तिथे ताबा असलेल्या पॅस्टन घराण्याला ते सोडावं लागलं.

म्हणून मी म्हणेन : सैन्यासाठी नाही, पण चाळीस-पन्नास गुंडांसाठी हा किल्लाच.

वऱ्हाडी_ठेचा
अरे मंग सरळ गढी म्हना ना बाप्पा! आमच्याकडे गावोगाव देशमुखाईच्या गढ्या हायेत. पांढऱ्या मातीच्या, वरतं विटा, कोपऱ्याले बुरूज, मधात वाडा. पेंढाऱ्याईचा घाला आला का गाव आत घ्यायचं अन् दार लावून घ्यायचं. मोगलाची फौज आली तं गढी काई टिकत नसे, अन् कोनी तशी अपेक्षाबी ठेवत नसे.

सह्यवेडा
गढीला +१. यावर मी तह करायला तयार आहे.

अबोली२१
मी यॉर्कला असते, हे पाहिलंय. मला सगळ्यात आवडला तो जिना. गोल दगडी जिना, दीडशेच्या आसपास पायऱ्या, आणि हाताला धरायला कठडा भिंतीतच कोरून आत घेतलाय. दगड असा गोल घासलेला की बोटं आपोआप खाचेत बसतात. जिना बराच रुंदही आहे. किल्ल्यातल्या जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली की एकाला उलटं जावं लागतं, इथे तसं नाही. हा जिना लढायला नाही, भारी झगे घालून चढायला केलाय, हे चढताना कळतं.

दुसरं म्हणजे खोल्यांची रचना. प्रत्येक मजल्यावर मुख्य अशी एकच प्रचंड खोली, आणि भिंती एवढ्या जाड की लहान खोल्या, संडास, शेकोट्यांचे धुरांडे सगळं भिंतींच्या पोटात आणि बुरुजांत. जमिनीलगतचा दिवाणखाना, त्यावर हॉल, त्यावर मुलाखतीची खोली, सर्वांत वर खासगी दालन. जिना खालच्या दिवाणखान्यात उघडतच नाही. म्हणजे कामकाजाला आलेला कूळ-रयतेचा माणूस वेगळ्या दाराने खालीच येणार आणि खालूनच जाणार. वर कोण, किती वर जाणार, यावर माणसाची पत ठरायची.

दुसऱ्या मजल्यावर तर गंमतच केलीय. जिन्यातून थेट मुलाखतीच्या खोलीत जाता येत नाही. आधी एक लांब बोळ. त्याचं छत विटांच्या कमान्यांचं, विटाच घडवून बसवलेल्या फासळ्या आणि मध्ये कोरीव ढाली. तिथे ताटकळत उभं राहायचं, छत बघायचं, मालक किती मोठा आहे हे मनात मुरू द्यायचं, मग दार उघडणार.

पडवी
अबोली, फारच सुंदर प्रतिसाद. आपल्या वाड्यात हेच आडवं असतं ना? पहिल्या चौकात कारकून-सावकार, दुसऱ्या चौकात पाहुणे, तिसऱ्यात घरच्या बायका. यांनी चौक एकावर एक रचले.

कोकणी_काळजी
अवांतर : यॉर्कहून गेलात तेव्हा डोक्यावरून लढाऊ विमानं गेली का? शेजारी कॉनिंग्सबीचा हवाई दलाचा तळ आहे. माझी मुलगी किल्ला सोडून आकाशच बघत बसली होती.

अबोली२१
गेली तर! गच्चीवर कानात बोटं घालून उभे होतो.

धोंडोपंत_मिनी
एवढी चर्चा झाली आणि हा मनोरा आज उभा कोणामुळे आहे ते कुणीच लिहिलं नाही. लॉर्ड कर्झन! आपला 'तोच' कर्झन.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टॅटरशॉल म्हणजे नुसतं खोकं उरलं होतं. ना छप्पर, ना मजल्यांच्या जमिनी, खंदक बुजलेले. जागा विकली गेली आणि १९११ मध्ये त्या थैलीवाल्या शेकोट्या भिंतीतून उचकटून काढल्या, अमेरिकेला पाठवायला. बोंबाबोंब झाली. कर्झनने मनोरा विकत घेतला, शेकोट्या लंडनमध्ये गाठून सोडवल्या आणि १९१२ मध्ये त्या परत आपल्या जागी बसल्या. मग विल्यम वेअर या वास्तुतज्ज्ञाकडून ओकच्या नव्या जमिनी, छप्पर, खिडक्या, खंदक पुन्हा खोदणं, असं सगळं स्वखर्चाने. १९२५ मध्ये मरताना वास्तू नॅशनल ट्रस्टला देऊन गेला.

टिळकभक्त
बंगालची फाळणी करणाऱ्याचं कौतुक? छान चाललंय.

धोंडोपंत_मिनी
कौतुक त्याच्या बंगालबद्दल केलेलं नाही. भारतात १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. पुरातत्त्व खात्यात जॉन मार्शलला आणलं तेही त्याच काळात, १९०२ मध्ये.

टिळकभक्त
आणि विद्यापीठांवर सरकारी पकड बसवणारा १९०४ चाच दुसरा कायदा कुणाचा? इमारती जपल्या, माणसं नाही. टिळकांचं सोडा, नेमस्त गोखल्यांनीसुद्धा १९०५ च्या बनारस काँग्रेसमध्ये त्याच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली होती. गोखले असं कधी बोलत नसत, यावरून समजा.

इतिहासप्रेमी_नाशिक
दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका. एक गंमत मात्र नोंदवतो. इंग्लंडात १८८२ पासून स्मारकांचा कायदा होता, पण मालकाने नको म्हटलं की सरकारचे हात बांधलेले. टॅटरशॉलचं प्रकरण झालं, आणि १९१३ मध्ये मालकाच्या इच्छेविरुद्धही वास्तू वाचवता येईल असा कायदा झाला. कर्झन त्या वेळी लॉर्ड्सच्या सभागृहात त्याच्या बाजूने उभा होता. आपल्याकडचा त्याचा कायदा याच्या नऊ वर्षं आधीचा. वसाहतीत मालकाची परवानगी विचारायची सवय नसल्यामुळे तिथे हे आधी जमलं असावं, असं माझं आपलं खवचट मत.

खवचट_पेठकर
माझ्या नावावर दुसऱ्यांनी मतं मांडू नयेत.

पडवी
शेकोट्यांचं वाचून पोटात तुटलं. आमच्या आजोळचा वाडा चुलत्यांनी बिल्डरला दिला तेव्हा आधी महिरपी, खांब, दाराच्या गणेशपट्ट्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने नेल्या. नंतर एका लग्नाला गेलो तर रिसॉर्टच्या स्वागतकक्षात आमचा दरवाजा! दाराच्या आतल्या बाजूला आमच्या मामाने लहानपणी खिळ्याने कोरलेलं नाव तसंच. तिथल्या मॅनेजरने 'राजस्थानातून आणलाय' म्हणून सांगितलं.

मिरजमळा
:( :(

गवंडीबुवा
दुरुस्तीचं निघालंच आहे तर माझं एक गाऱ्हाणं. जुनं विटांचं काम चुन्यातलं असतं. चुना श्वास घेतो, भिंतीतली ओल दर्जातून बाहेर जाते. आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे सिमेंटने दर्जे भरणे. मग ओल विटेतून बाहेर पडते, क्षार तोंडाशी जमतात, लोणा लागतो आणि पाच-सहा पावसाळ्यांत विटेचं तोंड पापुद्र्यासारखं गळून पडतं. दर्जा शाबूत, वीट गायब! एका नदीकाठच्या समाधीच्या ओवऱ्यांवर असं झालेलं पाहिलंय, ठेकेदाराला सांगितलं तर म्हणाला, 'साहेब, एस्टिमेटमध्ये सिमेंटच धरलंय.' वेअरने काय वापरलं होतं?

धोंडोपंत_मिनी
गवंडीबुवा, वेअर हा विल्यम मॉरिस वगैरेंनी १८७७ मध्ये काढलेल्या जुन्या इमारती संरक्षण संस्थेच्या तालमीतला. त्यांचा आग्रह असा की जुनं टिकवा, नवं घालावंच लागलं तर ते नवं म्हणून दिसू द्या, पंधराव्या शतकाचं सोंग आणू नका. म्हणून टॅटरशॉलच्या लाकडी जमिनी बघून कुणी फसत नाही. खोल्याही बऱ्याचशा रिकाम्याच ठेवल्यात, फर्निचर भरून नाटक केलेलं नाही.

चहा_बिस्कीट
पूर्ण धागा वाचला. काही कळलं नाही, पण मजा आली. बोळात ताटकळत ठेवायची आयडिया आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला कळू देऊ नका.

इतिहासप्रेमी_नाशिक
परत मूळ प्रश्नाकडे. तीन दारांवरून सगळे हसले, पण एक गोष्ट विसरताय. आज मनोरा एकटा दिसतो म्हणून तो उघडा वाटतो. पंधराव्या शतकात तो एकटा नव्हता. तिथे १२३१ च्या परवान्याचा जुना दगडी किल्ला आधीच होता, त्याची भिंत, आतलं आवार. क्रॉमवेलचा मनोरा त्या आवाराच्या पश्चिम कडेला आहे आणि ती तिन्ही दारं आवाराच्या आतल्या बाजूला उघडतात. हॉल, स्वयंपाकघर वगैरे शेजारी होतं, आज फक्त जोती उरलीत. म्हणजे त्या दारांपर्यंत पोचायला आधी दोन खंदक आणि चौकीच्या इमारती ओलांडायला हव्यात. गढीच्या आतल्या वाड्याला तीन दारं असली तर आपण हसतो का?

बाभूळबन
इतिहासप्रेमी, दारांचा मुद्दा पटला, शंभर टक्के. पण खिडक्यांचं काय करायचं? पश्चिमेची बाजू तर थेट खंदकावर, बाहेरच्या जगाकडे तोंड करून आहे, आणि तिथेही मोठाल्या खिडक्या आहेत. खंदक ओलांडून कुणी आत यायची गरजच नाही, पलीकडून काचा फोडल्या तरी खजिनदारसाहेबांची मैफल मोडली. मला वाटतं आवाराचा जुना किल्ला खरा होता, आणि त्याच्या भरवशावर याने मनोऱ्यात हव्या तेवढ्या खिडक्या काढल्या. टेलबॉइझसारख्यांना अडवायचं काम खंदकांचं. मनोऱ्याचं काम लांबून दिसायचं, आणि त्या सपाट मुलखात तो मैलोन् मैल दिसतो.

सह्यवेडा
मग माथ्यावरची भोकं कशाला? ती तर खरी आहेत ना?

अबोली२१
खरी आहेत, खाली वाकून बघता येतं. पण त्यांच्यावरच गच्चीभोवती छपराची गॅलरी काढलीय, खिडक्यांसह, फेऱ्या मारायला. तेल ओतायचं ठिकाण आणि जेवणानंतर पाय मोकळे करायचं ठिकाण एकच.

सह्यवेडा
ताई, तेल कोण ओततंय, तेल महाग. दगडच टाकत असणार. माझं मत नोंदवून ठेवा : भोकं खरी असतील तर बांधणाऱ्याच्या मनात भीती होती, आणि भीती होती तर तो निम्मा किल्ला आहे. खिडक्या काय, संकट आलं की लाकडी झडपा लावून बंद करता येतात.

कोकणी_काळजी
कुणी जाणार असेल तर : गावाला रेल्वे नाही, गाडी घेऊन जा. ज्येष्ठांना घेऊन गेलात तर पहिल्या दोन मजल्यांवर थांबवा, शेकोट्या तिथेही आहेत. गच्चीवर वारा फार असतो, टोप्या सांभाळा.

वऱ्हाडी_ठेचा
सह्यवेडा भाऊ, निम्मा किल्ला निम्मं घर म्हनजे गढीच झाली. तह मोडू नका.